नीटला बावीस दिवस उरले आहेत आणि लेकीचे गुण उतरत आहेत

वाळवंटीकाठ

सर्वांना नमस्कार. आम्ही साखळीजवळच्या एका गावात राहतो आणि माझी मुलगी यंदा नीटला, म्हणजे वैद्यकीय प्रवेशाच्या परीक्षेला, बसते आहे. बोर्डाची परीक्षा संपल्यापासून ती घरीच अभ्यास करते आणि आठवड्यातून एकदा सराव परीक्षा देऊन येते. पहिल्या सराव परीक्षेत तिला ७२० पैकी ५३२ गुण मिळाले, दुसरीत ५०९ आणि परवाच्या तिसरीत ४७८. अभ्यासाचे तास वाढत आहेत आणि गुण खाली येत आहेत, याचा अर्थ तिला लागत नाही आणि मलाही लागत नाही. ती जिथे शिकवणीला जाते तिथे गुण सर्वांसमोर मोठ्याने वाचून दाखवतात. परवा घरी आल्यावर तिने ताट तसेच बाजूला सारले आणि रात्री अडीचपर्यंत पुस्तक उघडून बसली.

माझे शिक्षण मराठी शाळेत दहावीपर्यंत झाले आहे, त्यामुळे तिच्या पुस्तकातले मला काही समजावून सांगता येत नाही. तिचे वडील दिवसभर कामावर असतात. या तीन आठवड्यांत घरच्या माणसांनी नेमके काय करावे आणि काय करू नये, हे ज्यांनी मुलांना या वाटेवरून नेले आहे त्यांनी कृपया सांगावे.

अंत्रुजचा मास्तर

ताई, मी फोंडा तालुक्यात गेली चोवीस वर्षे भौतिकशास्त्र शिकवतो आहे. उपाय सांगण्याआधी मला तीन गोष्टी कळायला हव्यात. तिन्ही सराव परीक्षा दिवसाच्या कोणत्या वेळी झाल्या? प्रत्येक वेळी बरोबर किती, चूक किती आणि सोडलेले प्रश्न किती? आणि तिसऱ्या परीक्षेत चुकलेले प्रश्न तिने नंतर घरी शांतपणे पुन्हा सोडवून पाहिले का? एकूण गुणांच्या आकड्यावरून काहीच कळत नाही. ताप किती आहे हे पाहून आजार कोणता हे जसे सांगता येत नाही, तसेच हे आहे.

वाळवंटीकाठ

सर, तिच्याकडून माहिती घेऊन लिहिते. पहिली परीक्षा सकाळी दहाला होती. तिच्यात १४० उत्तरे बरोबर, २८ चूक आणि १२ प्रश्न सोडलेले होते. दुसरी आणि तिसरी दुपारी दोनला झाल्या. दुसरीत १३५ बरोबर, ३१ चूक, १४ सोडलेले. तिसरीत १३० बरोबर, ४२ चूक आणि ८ सोडलेले. चुकलेले प्रश्न तिने पुन्हा पाहिलेले नाहीत, कारण ते पाहवत नाहीत असे ती म्हणते. आमच्याकडे दुपारी एकला जेवण होते आणि सगळे घर तीनपर्यंत आडवे होते. तीही झोपते, कारण रात्री जागलेली असते.

अंत्रुजचा मास्तर

मग बरेचसे उत्तर आपणच दिले आहे. बरोबर उत्तराला चार गुण मिळतात आणि चुकीच्या उत्तराला एक जातो. पहिल्या आणि तिसऱ्या परीक्षेत ५४ गुणांचा फरक आहे. त्यातले ४० गुण दहा बरोबर उत्तरे कमी झाल्यामुळे गेले आणि १४ गुण चुकीची उत्तरे चौदाने वाढल्यामुळे. तीन आठवड्यांत कोणी एवढे विसरत नाही. मुलीचे ज्ञान होते तिथेच आहे. दुपारी दोन ते पाच या वेळेत तिचे लक्ष जागेवर नाही.

नीटची परीक्षा दुपारी दोनला सुरू होते आणि पाचला संपते. आपल्या गोव्यात ही वेळ माणसाच्या अंगात झोपेची वेळ म्हणून मुरलेली आहे. बाजारातली दुकाने बंद असतात, रस्ते ओस पडतात, आणि भात-हुमण जेवून पंख्याखाली पाठ टेकण्याची सवय मुलांना लहानपणापासून लागलेली असते. या सवयीत वाईट काहीच नाही, परंतु अकरा महिने ज्या वेळी शरीर झोपले, त्याच वेळी मे महिन्याच्या उकाड्यात त्याने १८० मिनिटांत १८० प्रश्न सोडवावेत अशी अपेक्षा ठेवायची असेल, तर त्याला आधीपासून तयार करावे लागते. वेळापत्रकात विषय भरणारे विद्यार्थी मी पुष्कळ पाहिले. घड्याळाची वेळ भरणारे फार थोडे पाहिले.

म्हणून पहिले काम असे की उद्यापासून दोन ते पाच या वेळेत ती टेबलाशी बसलेली असावी, खाटेवर नव्हे. रोज पूर्ण प्रश्नपत्रिका नको, त्याने मूल थकून जाते. आठवड्याला तीन पूर्ण प्रश्नपत्रिका पुरेशा आहेत आणि शेवटच्या आठवड्यात दोनच. उरलेल्या दिवशी त्याच वेळेत एखाद्या विषयाचे ४५ प्रश्न सोडवावेत आणि मागच्या चुका तपासाव्यात. रात्रीचे जागरण एका दिवसात तुटत नाही. दर दोन दिवसांनी अर्धा तास लवकर झोपवा, म्हणजे दोन आठवड्यांत ती अकराच्या आसपास झोपू लागेल.

दुसरे काम थोडे कठीण आहे. तिसऱ्या परीक्षेतले ते ४२ प्रश्न तिला पुन्हा सोडवायला सांगा, आणि प्रत्येकासमोर एकच शब्द लिहायला सांगा: येत नव्हते, वाचण्यात चुकले, की आकडेमोडीत चुकले. तुम्हाला त्यातले काही समजण्याची गरज नाही. फक्त शेजारी बसा.

म्हादईचे पाणी

मी मूळची वाळपईकडची, सध्या बांबोळीला गोवा वैद्यकीय महाविद्यालयात शिकते आहे. सरांनी दुपारच्या झोपेविषयी लिहिले ते वाचून माझी आजी आठवली. आमच्याकडे शेतावर जाणारी माणसे सकाळी साडेदहाच्या सुमारास पेज घेत. मी परीक्षेआधी वीस दिवस हेच केले. उकड्या तांदळाची पेज, लोणच्याची फोड आणि कधी सुके बांगडे, एवढेच साडेदहा-अकराला घेत असे, आणि खरे जेवण संध्याकाळी सहानंतर. परीक्षेच्या दिवशी केंद्राचे दार दीडला बंद होते आणि तपासणीसाठी त्याच्या बरेच आधी पोचावे लागते, म्हणजे एकच्या जेवणाला त्या दिवशी तसाही थारा नसतो. ज्या पोटाला एकला भात लागतो ते पोट त्या दिवशी तीन वाजता भुकेने ओरडते किंवा अवेळी खाल्ल्याने जड होते. मला यांपैकी काहीच झाले नाही.

आणखी एक गोष्ट मुलीला आजच सांगावी. परीक्षेच्या खोलीत मनगटी घड्याळ नेता येत नाही. सरावाला मात्र बहुतेक मुले घड्याळ लावून बसतात आणि दर पाच मिनिटांनी मनगटाकडे पाहतात. मी भिंतीवरचे घड्याळ पाठीमागे टांगून सराव केला. जीवशास्त्राचे ९० प्रश्न पन्नास मिनिटांत, रसायनशास्त्राचे ४५ पन्नास मिनिटांत, भौतिकशास्त्राला एक तास, आणि उरलेली वीस मिनिटे अडलेल्या प्रश्नांसाठी, असा माझा हिशोब होता. मुलीचा हिशोब वेगळा असू शकेल, पण तो आधी ठरलेला असावा.

उत्तरपत्रिकेतले गोल भरण्याचे काम शेवटी ठेवू नये. माझ्या पुढच्या बाकावरच्या मुलाने सगळी उत्तरे प्रश्नपत्रिकेवर खुणा करून ठेवली होती आणि शेवटची दहा मिनिटे राहिली तेव्हा त्याचे हात थरथरत होते. एक पान संपले की त्या पानाचे गोल भरायचे. शाईने एकदा भरलेला गोल बदलता येत नाही, म्हणून घरच्या सरावातही काळ्या बॉलपेनानेच भरावेत, पेन्सिलीने नव्हे.

तळ्याकाठी

मी मयेचा. माझा प्रश्न थोडा वेगळा आहे, परंतु याच विषयातला आहे म्हणून इथेच विचारतो. आमच्या घरात तीन पिढ्या शिरगावच्या लईराईदेवीचे धोंड, म्हणजे व्रत करणारे भक्त, आहेत आणि माझा मुलगाही दोन वर्षांपासून व्रत करतो. यंदा वैशाख शुद्ध पंचमीची जत्रा परीक्षेच्या आधीच्या पंधरवड्यात येते. व्रताचे दिवस सोवळ्यात, सगळ्या धोंडांबरोबर राहून काढायचे असतात, आणि जत्रेच्या रात्री अग्निदिव्य, म्हणजे निखाऱ्यांवरून चालणे, होईपर्यंत झोप नसते. त्याची आई म्हणते या वर्षी राहू दे, माझ्या वडिलांना ते पटत नाही, आणि मुलगा दोघांची तोंडे पाहत गप्प बसतो. अभ्यासाच्या दृष्टीने किती नुकसान होईल?

अंत्रुजचा मास्तर

दादा, श्रद्धेविषयी मी काही बोलणे योग्य नाही. तो निर्णय तुमच्या घराचा आहे आणि मुख्यतः मुलाचा आहे. अभ्यासापुरते सांगतो. परीक्षेला दहा-बारा दिवस असताना चार-पाच दिवस पुस्तक बाजूला राहिले म्हणून वर्षभर अभ्यास केलेल्या मुलाचे फार बिघडत नाही. बिघडते ते झोपेचे. एका रात्रीच्या पूर्ण जागरणानंतर घडी पुन्हा बसायला तीन-चार दिवस जातात, तेवढे दिवस मध्ये असतील तर निभावेल. परत आल्यावर पहिल्या दिवशी प्रश्नपत्रिका लावू नका, झोपू द्या. पण मुलगा गप्प आहे, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. आजोबा आणि आई दोघांच्याही मागे त्याला एकट्याला विचारा. मनाविरुद्ध गेला तर तिथे पुस्तक आठवेल, मनाविरुद्ध राहिला तर पुस्तकासमोर देवी आठवेल.

तळ्याकाठी

आज तळ्यावर फिरायला नेऊन विचारले. त्याला जायचे आहे. मात्र व्रताच्या दिवसांत सकाळी दोन तास जीवशास्त्राचे पुस्तक वाचायला मोकळीक मिळावी, एवढेच त्याने आजोबांकडे मागितले आणि आजोबांनी लगेच दिली. त्यांनी स्वतःच विचारले, की पोराला कंदील लागेल का.

तेरेखोलकाठ

गेल्या खेपेला माझ्या मुलाने परीक्षा दिली. अभ्यासाचे मला सांगता येणार नाही, पण त्या दिवशी आमचे काय झाले ते लिहितो, म्हणजे दुसऱ्या कोणाचे तसे होऊ नये. आम्ही पेडण्याहून निघालो. परीक्षा रविवारी असते आणि रविवारी बसगाड्या कमी असतात हे माहीत असल्यामुळे भाड्याची गाडी आदल्या दिवशी सांगून ठेवली होती. गाडीवाला पाऊण तास उशिरा आला. त्यात रविवार आणि लग्नसराईचा दिवस, म्हापशाच्या पुढे रस्ता तुंबलेला. केंद्राच्या दाराशी आम्ही दीडला चार मिनिटे कमी असताना पोचलो. तिथे तपासणाऱ्यांनी मुलाच्या पायातले बूट काढायला लावले, कारण बूट चालत नाहीत, साधी चप्पल लागते, आणि हे प्रवेशपत्रावरच्या सूचनांत लिहिलेले होते. मी ते वाचले नव्हते. मुलगा तापलेल्या फरशीवरून अनवाणी आत गेला. नंतर त्याने सांगितले की पहिली वीस मिनिटे त्याला प्रश्नातली अक्षरे दिसत होती, पण अर्थ लागत नव्हता. त्या वीस मिनिटांचा दोष माझ्याकडे आहे आणि तो मी आजही विसरलेलो नाही.

म्हणून सांगतो. प्रवेशपत्र हातात आले की सूचनांचे प्रत्येक पान आईने किंवा वडिलांनी स्वतः वाचावे, मुलावर सोडू नये. फोटो कोणत्या आकाराचे आणि किती हे त्यात असते; पोस्टकार्ड आकाराचा फोटो गावातल्या स्टुडिओत ऐनवेळी मिळत नाही. मूळ ओळखपत्र, अर्ध्या बाह्यांचे साधे कपडे, चप्पल आणि पारदर्शक पाण्याची बाटली आदल्या दिवशी एका पिशवीत भरून ठेवावी. आणि केंद्र कळल्यानंतर एका रविवारी, त्याच वेळी, त्याच रस्त्याने एकदा जाऊन यावे.

वाळवंटीकाठ

आपण सर्वांनी एवढे मनापासून लिहिले, याबद्दल मी ऋणी आहे. सांगितल्याप्रमाणे मी तिच्या शेजारी बसले. पहिले दहा प्रश्न होईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. मग एका प्रश्नाशी थांबली आणि म्हणाली, आई, हे मला येत होते. त्यानंतर तेच वाक्य तिने किती वेळा म्हटले ते मी मोजत होते.

४२ पैकी १७ प्रश्न तिला खरोखर येत नव्हते. १४ वाचण्यात चुकले होते आणि ११ आकडेमोडीत. वाचण्यात चुकलेल्यांपैकी नऊ प्रश्नांत अयोग्य विधान कोणते असे विचारले होते आणि तिने योग्य विधान निवडले होते. दुसऱ्या एका प्रश्नात पृथ्वीएवढीच घनता पण दुप्पट त्रिज्या असलेल्या ग्रहाविषयी काही विचारले होते. तिथे तिने घनतेऐवजी वस्तुमान तेवढेच आहे असे धरले, असे ती म्हणाली. सर, हे मी तिच्या सांगण्यावरून लिहिते आहे, चुकले असेल तर सांभाळून घ्यावे.

अंत्रुजचा मास्तर

काहीही चुकलेले नाही, ताई, आणि तो प्रश्न मी वर्गात दर वर्षी घालतो. घनता तीच आणि त्रिज्या दुप्पट म्हणजे वस्तुमान आठपट होते, त्यामुळे मुक्तिवेग, म्हणजे ग्रहाच्या ओढीतून सुटायला लागणारा वेग, दुप्पट होतो, पृथ्वीवरच्या सेकंदाला ११.२ किलोमीटरच्या जागी २२.४. वस्तुमान तेवढेच धरले तर उत्तर उलट कमी येते, आणि तो आकडा पर्यायांत मुद्दाम दिलेला असतो. त्या प्रश्नातल्या ‘घनता’ या शब्दाखाली तिने रेघ मारली असती तर चूक झाली नसती. आजपासून पेन हातात धरूनच प्रश्न वाचायचा, आणि अयोग्य, नाही, वगळता, घनता, एकक यांसारख्या शब्दांखाली रेघ मारल्याशिवाय पर्यायांकडे पाहायचे नाही, एवढी एक शिस्त लावा.

आता हिशोब पाहा. चुकलेले उत्तर बरोबर झाले की एक गुण जाण्याऐवजी चार मिळतात, म्हणजे फरक पाचाचा पडतो. येत असूनही चुकलेले प्रश्न पंचवीस, म्हणजे १२५ गुण. ४७८ मध्ये ते मिळवले की ६०३ होतात. सगळे परत मिळतील असे मी म्हणत नाही, पण यासाठी एकही नवा धडा शिकावा लागत नाही. रात्री अडीचपर्यंत जागून ती जे नवे शिकत होती त्याने तो पंचविसाचा आकडा कमी होणार नव्हता, वाढणारच होता.

जुन्या प्रश्नपत्रिकांविषयीही एक सूचना करतो. २०२१ ते २०२४ या वर्षांत २०० प्रश्नांतून १८० सोडवण्याची मुभा होती. २०२५ पासून ती गेली आणि पूर्वीप्रमाणे १८० प्रश्न सक्तीचे झाले. म्हणून ती वर्षे सोडवताना जादा प्रश्न सरळ कापून टाकावेत. शिवाय २०२४ मध्ये अभ्यासक्रम कमी झाला, त्यात घनावस्था, बहुवारिके, पचन आणि शोषण असे काही धडे गेले. जुन्या संचांत ते प्रश्न दिसले तर वेळ घालवू नये. २०२५ ची भौतिकशास्त्राची प्रश्नपत्रिका लांब आणि कठीण होती, देशात पहिल्या आलेल्या विद्यार्थ्यालाही त्या वर्षी ६८६ गुणच होते. ती मुलीला सोडवायला द्या, पण गुण मोजण्यासाठी नव्हे; एखादा प्रश्न सोडून पुढे जाण्याची सवय लागावी म्हणून द्या.

म्हादईचे पाणी

काकी, घरच्यांनी काय करू नये असेही आपण विचारले होते. कृपया तिच्यासमोर बांबोळी हा एकच शब्द घोळवू नका. याच परीक्षेच्या गुणांवर दंतवैद्यकाचा प्रवेश होतो, शिरोड्याला आयुर्वेदाचा आणि होमिओपॅथीचा होतो. माझ्या घरी सगळे प्रेमानेच विचारत, की यंदा नक्की ना, आणि त्या प्रेमानेच माझा घास अडत असे. आणि शिकवणीत गुण मोठ्याने वाचतात ना, तर उरलेल्या सराव परीक्षा तिथे न देता घरीच घ्या. त्याने काहीही बिघडत नाही. तिला झोप लागत नसेल, रडू थांबत नसेल, तर १४४१६ हा मानसिक आधारासाठीचा सरकारचा टेलिमानस क्रमांक रात्रंदिवस चालू असतो. मी स्वतः एका रात्री तिथे बोलले होते, आणि त्या बाईंनी माझे पूर्ण ऐकून घेतले.

वाळवंटीकाठची लेक

नमस्कार. आईच्या परवानगीने लिहिते आहे. आज परीक्षेला तेरा दिवस उरले आहेत. गेले नऊ दिवस मी साडेदहाला पेज घेते आणि दोनला मागच्या खोलीत बसते. आईने घड्याळ माझ्या पाठीमागच्या भिंतीवर लावले आहे. ती स्वतःही दुपारी झोपत नाही, दाराशी तांदूळ निवडत बसते आणि पाच वाजले की फक्त ‘वेळ झाली’ एवढेच म्हणते. पहिले तीन दिवस पावणेचारच्या पुढे डोळे मिटत होते. आता ते कमी झाले आहे.

आज दुपारी घरीच पूर्ण प्रश्नपत्रिका सोडवली. १३४ बरोबर, १५ चूक, ३१ सोडलेले. एकूण ५२१ गुण. प्रश्न चुकीचा वाचला असे फक्त दोनदा झाले. परंतु सोडलेले प्रश्न आठांवरून एकतीसवर गेले आहेत, कारण आता रेघा मारून वाचताना जरा शंका आली की मला उत्तर भरण्याची भीती वाटते. सर, हे योग्य आहे की मी दुसऱ्या टोकाला गेले आहे?

अंत्रुजचा मास्तर

बाळ, थोडी दुसऱ्या टोकाला गेली आहेस, पण हे टोक सुधारायला सोपे आहे. त्या ३१ प्रश्नांत असे किती होते, की ज्यांचे दोन पर्याय तू खात्रीने खोडले होतेस आणि दोनच उरले होते?

वाळवंटीकाठची लेक

मोजले. अठरा.

अंत्रुजचा मास्तर

दोन पर्याय उरले असता उत्तर भरले, तर निम्म्या वेळा चार गुण मिळतात आणि निम्म्या वेळा एक जातो; म्हणजे अशा प्रत्येक प्रश्नामागे सरासरी दीड गुण पडतो. अठरांचे सत्तावीस झाले. जिथे एकही पर्याय खोडता येत नाही तिथे सरासरी पाव गुणच उरतो, त्यासाठी वेळ दवडू नकोस, तो प्रश्न सोड आणि पुढे जा. परवाच्या प्रश्नपत्रिकेत दोन पर्याय उरलेल्या प्रश्नाच्या आकड्याभोवती वर्तुळ कर, पहिल्यांदा जे मनात येईल ते भर, आणि नंतर मला फक्त एवढे कळव की वर्तुळातले किती बरोबर आले.

वाळवंटीकाठची लेक

होय सर. परवा पाच वाजता कळवते.